फोकासचा वाटा

आई, मामा तुझ्या अस्थी आणि राख घेऊन नदीवर निघाला होता आणि मी मोटरसायकलच्या पुढे जाऊन उभी राहिले.

तुला हे खरं वाटणार नाही. दारात कोणी आलं की मी आतल्या खोलीत सरकायची. बाजारातल्या बायकांना तू सांगायचीस, "आमची बाई मुकी नाई वो, मनातल्या मनात इंग्रजी बोलते." त्या हसायच्या आणि मी खाली बघत जुड्या बांधत राहायची. त्या सकाळीही मी खालीच बघत होते. दादाने गाडी सुरू केली होती. मामा मागे बसला होता, तांबड्या फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर आणि राखेचं पोतं दोघांच्या मधे. अंगणात भाऊबंद उभे होते. मी म्हटलं, राख न्यायची नाही.

मामाला वाटलं मला रडू आवरत नाही. पोरीला बाजूला घ्या, असं तो कोणाला तरी म्हणाला. मग मी मान वर केली आणि बोलले, "आईने सांगितलंय. तिची राख वांग्यांवर धुरळायची."

दादाने गाडी बंद केली. मामाने मला काही विचारलं नाही. दादाला विचारलं, "काय म्हनून राह्यली थे?"

आई, तू हे फक्त मला सांगितलं होतंस. आणि ते गमतीत होतं की मनापासून, हे मला आजही ठाऊक नाही.

मागच्या हिवाळ्यातली सकाळ होती. वांग्यांवर माव्याची कीड पडली होती. दव वाळायच्या आत राख धुरळली की पानाला चिकटते, म्हणून आपण उजाडताच मळ्यात उतरलो होतो. तू चुलीची राख चाळून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली होतीस. एका हाताने पुरचुंडी झटकायची, दुसऱ्या हाताने पान उलटं करायचं, अशी तू ओळीतून पुढे चालली होतीस. मी शेजारच्या ओळीत होते. राख नाकात जाऊ नये म्हणून तू पदर तोंडावरून घट्ट आवळला होतास. चालता चालता तू म्हणालीस, "मी मेली का माह्यीबी अशीच धुरळजो. नदीत नेऊन कायले वाया घालता." मी तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे बारीक झाले होते, पण हसण्याने की राखेने, ते पदरामुळे कळलं नाही. तू पुढच्या झाडाचं पान उलटलंस.

एवढंच. ही एवढीशी गोष्ट हातात धरून मी भाऊबंदांसमोर उभी होते.

दादाने गाडी बंद केली ती राखेच्या धक्क्याने नाही, हे मला दिसत होतं. त्याच्या डोक्यात मळा होता. शेलूबाजारच्या रस्त्याला लागून असलेली आपली जागा देवीदासभाऊंना हॉटेलसाठी हवी होती आणि दादाला ती द्यायची होती. बाबांच्या मागे जागा तुझ्या नावावर झाली होती. तू कधी नाही म्हटलं नाहीस, कधी हो म्हटलं नाहीस, "पाहू" म्हणत राहिलीस. आता कागदावर दादाची आणि माझी सही लागणार. मला त्याने विचारलं नव्हतं. मी सही करणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं, कारण मी कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. आणि आता मी तुझी राख त्याच मातीत घालायला निघाले होते. ज्या जमिनीत कोणीतरी आहे ती जमीन कोण घेणार?

दादाचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. त्याच्यासाठी आणलेल्या प्रत्येक स्थळाने एकच गोष्ट विचारली, मुलगा करतो काय? भाजी म्हटलं की चहाचे कप अर्धे राहायचे. एकदा एका मुलीच्या बापाने जाताना मळ्याकडे बघून विचारलं होतं की पोरीला कमरेत वाकायला लावणार का. दादा त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आला आणि संध्याकाळपर्यंत मळ्यात उतरला नाही. जागा विकायची, वाशीमला मोटरपंपांचं दुकान टाकायचं, मग लग्न. त्याचा हिशेब सरळ होता. माझ्याकडे त्याच्या विरोधात काय होतं? पदराआडून आलेलं एक वाक्य, आणि फोकास.

मामाने नेमकं तेच पकडलं. तो गाडीवरून उतरला आणि म्हणाला, "हे त्या सिस्टरनीचं खूळ हाय. मी तवाच म्हनलं होतं."

होतं तसंच, थोडंफार. आई, तू मंगरूळच्या सिस्टरांच्या शाळेत होस्टेलसाठी भाजी द्यायचीस, म्हणूनच मी त्या शाळेत शिकले. मागच्या फाटकातून तू टोपलं घेऊन यायचीस तेव्हा मी वर्गात खिडकीकडे पाठ करून बसायची. सिस्टर बेनिता बागेचं काम बघायच्या, लांब झारखंडातल्या. तू वांगी तोलून देताना एकदा त्यांनी तुला हिंदीत विचारलं की तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करता का. तू म्हणालीस, आम्ही माळीच. मग त्यांनी आतून एक छोटं चित्र आणून दिलं. दाढीवाला माणूस, हातात फावडं, पायाशी कोबीसारखं काहीतरी. त्या म्हणाल्या, हा बागवानांचा संत, फोकास.

त्याची गोष्ट त्यांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात होती. ती मी तुला वाचून सांगितली, कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना, घाईघाईत, कारण मला अभ्यासाला बसायचं होतं. समुद्राकाठच्या एका गावाच्या वेशीबाहेर फोकासचा मळा होता. येईल त्याला तो जेवू घालायचा. राजाने ख्रिस्ती लोकांना मारायला शिपाई धाडले, त्यात त्याचंही नाव होतं. शिपाई दमून त्याच्याच दारात आले आणि फोकास कुठे राहतो असं त्यालाच विचारू लागले. तो म्हणाला, आधी जेवा, निजा, सकाळी दाखवतो. ते झोपल्यावर त्याने मळ्यात आपल्या मापाचा खड्डा खणला. सकाळी सांगितलं, मीच तो. शिपाई घुटमळले. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर हात कसा टाकायचा? त्यानेच त्यांना समजावलं की तुमचं काम करा. त्यांनी मारलं आणि त्याच खड्ड्यात पुरलं. जमिनीचं खाल्लेलं जमिनीला परत.

तू जुडी बांधायची थांबलीस. मला वाटलं तुला वाईट वाटलं. तू विचारलंस, "जेवाले काय केलं होतं त्यानं?"

पुस्तकात ते नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तू सिस्टरांना विचारलंस की हा देव आहे का. त्या गडबडल्या. देव एकच, हा संत, आपण याला सांगायचं आणि हा देवापाशी आपली बाजू मांडतो, असं त्यांनी समजावलं. तू विचार करून म्हणालीस, "म्हंजे अडत्या." मी मान खाली घातली. सिस्टर हसत म्हणाल्या, हां, अडत्याच समजा. तू लगेच विचारलंस, "मंग अडत किती घेते?" त्या म्हणाल्या, "नहीं बहन, ये कुछ नहीं लेता." तू चित्र पदरात बांधलंस. "असा अडत्या शेलूबाजारात आजवर नाई पाह्यला," असं तू वाटेत जीपमध्ये सगळ्यांना सांगितलंस.

चित्राला प्लास्टिकची पिशवी लावून तू ते विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत, स्टार्टरच्या बाजूला खिळ्याला अडकवलंस. पहिलं वांगं त्याच्यापुढे ठेवायला लागलीस. मामा तेव्हा आला होता. आपल्या माळ्यांचे संत घरात असताना हा परका कशाला, किरिस्ताव झालीस का, असं त्याने विचारलं. त्या वेळी तू दिलेलं उत्तर मी कोणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाही. "देव जागचे जागी हायेत रे. हा आपल्या धंद्यातला मानूस हाय. पाव्हना आला तर त्याले बाहीर ठेवू का?"

आणि वाटा. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की फोकासला मानणारे खलाशी जहाजावर रोज एक पान त्याच्यासाठी वाढत, आणि त्या पानाचे पैसे किनाऱ्याला लागल्यावर गरिबांना देत. तुला पैशाची भानगड नको होती. तू मळ्यात जेवायला बसलीस की अर्धी भाकर आणि जे असेल ते कालवण वेगळं काढायचीस आणि रस्त्याने पहिला जो दिसेल त्याला हाक मारायचीस. मानोऱ्याकडच्या तांड्यांतली माणसं बाहेरगावी कामाला जाताना आपल्या बांधाशी गाडीची वाट बघत बसायची. पुष्कळदा तो वाटा त्यांच्यातल्या कोणाला जायचा. कधी जीपवाला, कधी बकऱ्यांमागचा म्हातारा. जीपवाले थट्टा करायचे, दुपारी गाडी हळू करून विचारायचे, "काकू, फोकास जेवला का? नसन तर मी आलो." तू म्हणायचीस, उतर मग.

मी अकोल्याला शिकायला गेले आणि मोबाईलवर फोकास शोधला. सुट्टीत येऊन तुला सांगितलं की अभ्यासकांना त्याची खात्री नाही. फोकास नावाचे दोघं-तिघं होते आणि सगळ्यांच्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत. तू मिरच्या खुडत होतीस. मला वाटलं आता तू चिडशील, किंवा गप्प होशील. तू म्हणालीस, "तीन असो का चार. मळा कोन्या एकाचा तर असन."

आपलं खरं भांडण त्यावरून नव्हतं. ते देवीदासभाऊंवरून होतं.

ते पहिल्यांदा जागा बघायला आले तेव्हा मी घरी होते. सोबत टेप धरणारी दोन माणसं होती. ऊन होतं. त्यांनी बांधापासून रस्त्यापर्यंत मापं घेतली, विहीर बुजवायची की ठेवायची यावर तुझ्यासमोर चर्चा केली, वांग्यांच्या ओळींतून चपला घालून फिरले. मी मोटरच्या खोलीच्या दारात उभी होते. तू चुलीपाशी गेलीस आणि पिठात पाणी घातलंस. तिघांना बांधावर बसवून भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढलास. त्यांनी नको नको म्हटलं, मग पोटभर खाल्लं. देवीदासभाऊंनी तर दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

ते गेल्यावर मी तुझ्यावर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, जे तुझी जमीन घ्यायला आलेत त्यांना तू जेवायला वाढतेस?

"भुकेले होते."

"आई, ते विहीर बुजवायचं बोलत होते. तुझ्या तोंडावर."

"मंग का उपाशी धाडू? फोकासनं काय केलं होतं?"

"फोकासला त्यांनी मारलं, आई. जेवले, झोपले, उठले आणि मारलं. जेवू घालून काय मिळालं त्याला?"

तू भांडी गोळा करत होतीस. म्हणालीस, "मारलं. पन मळ्यातून हालवता आलं का त्याले?"

मी म्हटलं, हे बोलणं झालं, याने सह्या थांबत नाहीत. विकायची नसेल तर दादाला नाही म्हण. तू म्हणालीस की दादा तुझाच आहे, त्याला नाही कसं म्हणू. मग काय करणार, मी विचारलं. तू भांडी घेऊन विहिरीकडे गेलीस. नंतर देवीदासभाऊ आले तेव्हाही तू वाढलंस. फोनवर कळलं की मी विषय बदलायची. ते भांडण तिथेच राहिलं. तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात मला वाटलं होतं, घरी आलीस की बोलू. तू घरी आली नाहीस.

तर मामा अंगणात उभा होता. तो वाईट माणूस नाही, आई. तुझ्यासाठी तो त्या दिवसांत नीट जेवलाही नव्हता. तो म्हणाला की बाईमाणसाच्या मुक्तीचा प्रश्न आहे आणि ही पोर वांग्याच्या गोष्टी करते. आणि मग त्याने खरा मुद्दा काढला. "तो भाजीपाला तुमी बाजारात नेता. लोकाइले बहिनीची राख खाऊ घालू का मी?"

मी दादाकडे बघितलं. माझे शब्द संपले की मी जागेवरून जाते, हे दादाला माहीत आहे. मी गेले नाही. पुढच्या चाकासमोर उभी राहिले, एवढंच मला येत होतं.

दादाने विचारलं, "खरंच म्हनली होती आई? का तू जोडून राह्यली?"

"म्हणाली होती. हसत होती की नाही, ते मला दिसलं नाही."

मी खोटं बोलले असते तर सोपं झालं असतं. पण बहुतेक त्या दुसऱ्या वाक्यानेच दादाला पहिलं पटलं. त्याने गाडी स्टँडवर लावली. मग म्हणाला की अस्थी नदीत जातील, मामा म्हणतो तसं सगळं रीतीने होईल. राखेचं पोतं इथेच उतरवा. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "विहिरीजवळच्या दोन ओळी. त्यातलं एकबी वांगं बाजारात गेलं नाई पाह्यजे. घरात खा, नाई तर गाईले घाल."

मामाने पोतं उतरवून दिलं. उतरवताना त्याने ते छातीशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दव होतं. मी तुझ्यासारखीच राख चाळली, लुगड्याच्या फडक्यात बांधली. तुला सांगते, चाळताना मला भीती वाटली. ती चुलीच्या राखेपेक्षा जड होती, हाताला वेगळी लागत होती. मी ओढणी तोंडाला बांधली आणि पहिल्या झाडापाशी गेले. पान उलटलं. मावा होताच. पुरचुंडी झटकली. पुढचं पान. काही वेळाने मला कळलं की मी मावा कुठे जास्त आहे ते बघत चालले आहे, आणि तुझा विचार करत नाही. त्याची मला लाज वाटली नाही. उरलेली राख ओळींच्या बुडाशी मातीत कालवली आणि पाण्यासाठी सरी मोकळी केली. दादा मोटरच्या खोलीत होता. मी हाक मारायच्या आत त्याने मोटर चालू केली.

तेरवीला सिस्टर बेनिता आल्या. आता त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. मामाची नजर त्यांच्यावर होती, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार, कारण त्या बायकांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. निघताना मी त्यांना राखेचं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील की फार सुंदर केलंस, फोकाससारखं. त्यांनी उलट विचारलं की ते पुस्तक कुठे आहे. मी म्हटलं, शाळेतच असेल. त्या म्हणाल्या, त्यात फोकासच्या घरात आणखी कोण होतं ते दिलेलं नाही. त्याच्यामागे मळा कोणी सांभाळला, तेही दिलेलं नाही. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. आई, मळा कोणी सांभाळला या प्रश्नाने मला त्या दिवशी झोप लागली नाही.

तेरवीनंतर चारदोन दिवसांतच देवीदासभाऊ आले. सांत्वनाला आलो म्हणाले, पण टेपवाली दोन्ही माणसं सोबत होती. दादाने खाटा टाकल्या. दुपार होती. चुलीवर भाजी झालेली होती, आपल्यापुरतीच, आणि ती त्या दोन ओळींतल्या वांग्यांची होती. मी वांगी मीठ घालून, पाणी बदलून बदलून धुतली होती. तरी ती कोणती वांगी आहेत ते मला माहीत होतं आणि दादाला माहीत होतं.

बोलणं सांत्वनावरून जागेवर आलं. देवीदासभाऊ म्हणाले की आता उगाच लांबवू नये, कागद करून टाकू. दादाने मान हलवली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मग तो सवयीने म्हणाला, जेवून घ्या. त्याच्या तोंडून ते निघून गेलं. मग भाजी कोणती आहे ते त्याला आठवलं, हे मला त्याच्या अवघडलेल्या मानेवरून दिसलं.

मी ताटं घेतली. दुसरी भाजी तोडून करायला वेळ नव्हता, आणि तुझ्या घरातून कोणाला ठेचा-भाकरीवर कसं धाडायचं? भाजी वाढताना मी मनात वाक्य जुळवत होते. सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ते सांगणं राहणार नाही, हत्यार होईल, असंही वाटत होतं. तू त्यांना वाढलंस तेव्हा तुझ्या ताटात काही लपलेलं नव्हतं. ताटं खाली ठेवली. देवीदासभाऊंनी भाकर मोडली.

दादा म्हणाला, "भाऊ, थांबा."

त्याने सगळं सांगितलं. थेट, काही न गाळता. आईची राख कोणत्या ओळींवर गेली, मातीत किती मिसळली, ही भाजी कुठली. म्हणाला, "वांगे धुतलेले हायेत. पन तुमी जेवाले बसले, तुमाले मालूम असलं पाह्यजे. खायचं नसन तर नका खाऊ." ज्या दुकानाचं, ज्या लग्नाचं स्वप्न तो इतकी वर्षं बघत होता ते त्याने त्या एका वाक्यात ताटासमोर ठेवलं, आणि त्याला ते कळत होतं.

टेपवाल्यातल्या एकाने हात मागे घेतला. दुसरा देवीदासभाऊंकडे बघू लागला. देवीदासभाऊ विहिरीकडे बघत होते. मग त्यांनी मोडलेली भाकर भाजीला लावली आणि घास घेतला. सगळं ताट संपवलं.

हात धुऊन ते खाटेवर बसले आणि दादाला म्हणाले, "मी लय जागा पाह्यल्या. कोन्या मालकानं पानी नाई इचारलं. तुह्या मायनं दर खेपेले ताट लावलं. मले वाटे, बाई भोळी हाय, लवकर सही देईन." त्यांनी विहिरीकडे हात केला. "हाटेल म्हनलं का मांगं संडास येते. मोरी येते. उष्ट्याचा खड्डा येते. आता थो खड्डा मी कुटं खंदू, तू सांग. जिच्या हातचं खाल्लं तिच्यावर?"

ते उठले, मळ्याकडे बघून हात जोडले आणि गेले. टेप खाटेवरच राहिली होती, ती न्यायला एक जण धावत परत आला.

मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. नाही झाला. दादा उष्टी ताटं गोळा करू लागला. म्हणाला, "झालं तुह्या मनासारखं." मी म्हटलं, तूच सांगितलंस त्यांना. तो म्हणाला, "मंग का न सांगता खाऊ घालू?" आणि मग त्याने पहिल्यांदा मला तो प्रश्न विचारला जो तुलाही कधी सरळ विचारला नव्हता. "दुसरा कोनी आला तर सही देशीन का? आजच सांग."

"नाही देणार."

त्याने मान हलवली. रागावला की नाही ते कळलं नाही. दुकानाचं काय, लग्नाचं काय, यातलं काही तो बोलला नाही, आणि मला त्याचं उत्तर येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "या भाऊनं आईच्या हातचं खाल्लं होतं. पुढचा आला तर त्यानं काई खाल्लं नसन."

"आला तर मी वाढीन."

"तू? पाव्हने आले का खोलीत जाते तू." तो किंचित हसला. मग उठून पाण्याची पाळी बघायला गेला.

आई, फोकासबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे. तो पळून जायला हवा होता. शिपाई जेवले आणि तरी त्यांनी मारलं, ही गोष्ट तुझ्या देवीदासभाऊंमुळे खोटी ठरत नाही. एक माणूस उठून गेला, एवढंच झालं. पण मला इतके दिवस वाटायचं, तू त्यांना वाढायचीस ते तुला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून. आता तसं वाटत नाही. जागा घ्यायला आलेल्या माणसासमोर बसून, तो पोटभर जेवेपर्यंत त्याला भाकर विचारत राहायचं, आणि आवाज चढू द्यायचा नाही, नजर खाली घालायची नाही. हे मला येत नाही. तुझ्याकडून शिकायला हवं होतं त्या वेळी मी दारात उभी राहून तुझ्यावर चिडत होते.

रस्ता रुंद होतो आहे. आता आणखी कोणीतरी थांबेल, उतरेल, बांधावरून मळ्याकडे बघेल. तेव्हा चुलीपाशी मी असेन.